पेठचा बॉक्सर फौजी आणि जाळीतली झुंज



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, सह्या झाल्या, की बोलणं मुलांवर येतं. आणि आपल्या सातारा-सांगलीकडं मुलांवर आलं की भरतीवर येतंच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढं तर लोक 'मिलिटरी' लावूनच बोलतात. घरटी फौजी असण्याची आपल्याकडं परंपरा आहे, त्यामुळं भरतीचं बोलणं नवं नाही. नवा आहे तो एक शब्द, 'एमएमए'. बऱ्याच गावांतून आम्हाला विचारलं गेलं, "ताई, पोरगं मोबाइलवर बघतंय. परदेशातले फौजी म्हणे जाळीत मारामारी खेळतात. मी पण ते शिकतो, मग फौजेत लगेच घेतील, असं म्हणतंय. अकॅडमीची फी भरायची आहे, गटातून कर्ज मिळेल का?"

कर्ज द्यायचं की नाही हे तुमचा गट ठरवेल. पण ठरवण्याआधी हा खेळ काय आहे, फौजेचा आणि त्याचा संबंध किती, आणि फौजेत राहून असा लढाऊ खेळ खेळलेला आपल्याच भागातला एक माणूस कोणत्या वाटेनं गेला, हे सगळ्यांना माहीत असावं. म्हणून आजचा विषय हा.

आधी खेळ समजून घेऊ. कुस्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जत्रेतल्या लाल मातीतल्या फडात पाठ लागली, चीत झाला, की कुस्ती निकाली. बॉक्सिंगमध्ये फक्त हात चालतात, तेही हातमोजे घालून आणि कमरेच्या वरच. ज्युदोत फेकणं आहे, तायक्वांदोत लाथा आहेत. हे सगळं एकत्र करून जो खेळ झाला तो एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट. यात बुक्की चालते, लाथ चालते, पट काढून खाली पाडता येतं. पाठ लागली तरी लढत संपत नाही, उलट तिथून पुढं दुसरी सुरू होते. खाली पाडलेल्याचा हात पिळून किंवा गळ्याला विळखा घालून त्याला हार मानायला लावायचं. ज्याला सहन होत नाही त्यानं जमिनीवर किंवा समोरच्याच्या अंगावर हातानं थापा मारायच्या, की पंच लढत सोडवतात. व्यावसायिक लढतीत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, किताबाची लढत असेल तर पाच. मोजे बॉक्सिंगच्या मोज्यांपेक्षा खूप पातळ आणि बोटं उघडी, म्हणजे पकड करता यावी. भोवती दोरखंडाऐवजी जाळी, लढणारे बाहेर पडू नयेत म्हणून. मोबाइलवर हीच जाळी दिसते आणि पोरांना तिचं वेड लागतं.

अमेरिकेत हा खेळ 1993 पासून जोरात सुरू झाला. तेव्हा नियम फार थोडे होते, आणि तिथल्याही बऱ्याच लोकांनी नावं ठेवली. पुढं डोळ्यात बोट घालायचं नाही, मानेमागं मारायचं नाही, चावायचं नाही, वजनी गट पाळायचे, डॉक्टर हजर हवा, असे नियम आले. तिथले काही फौजी या खेळात नावाजले हे खरं आहे. रँडी कूचर नावाचा मोठा विजेता आधी सहा वर्षं अमेरिकेच्या सैन्यात होता आणि तिथं कुस्ती खेळायचा. आपल्याला जास्त जवळची वाटेल ती लिझ कारमूश. ही बाई अमेरिकेच्या मरीन दलात हेलिकॉप्टरच्या विजेची कामं करायची, इराकमध्ये तीन वेळा तैनात होती. फौजेतून बाहेर पडल्यावर ती या खेळात आली आणि 23 फेब्रुवारी 2013 रोजी त्यांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतली बायकांची पहिली लढत तिनं खेळली. समोर रोंडा राउझी होती, ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य मिळवलेली. पहिल्या फेरीत लिझ तिच्या पाठीवर चढली, मान धरली, सगळ्यांना वाटलं आता राउझी संपली. पण राउझी सुटली आणि फेरी संपायला काही सेकंद असताना तिनं लिझचा हात पिळून लढत घेतली. हरलेल्या लिझनं खेळ सोडला नाही, पुढं 2022 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या स्पर्धेची ती विजेती झाली.

आता यात एक गोष्ट नीट ऐका. लिझ आधी फौजेत होती, मग जाळीत आली. कूचरचंही तसंच. जाळीत लढतो म्हणून फौजेनं घेतलं, असं यातल्या कुणाचं झालेलं नाही. पोरं व्हिडिओ बघतात, त्यात हा क्रम उलटा होऊन बसतो.

आता आपल्या भागात येऊ. वाळवा तालुक्यात, इस्लामपूरजवळ पेठ गाव आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी पेठ नाक्यावरून येता-जाता गाडी बदलतात. त्या पेठचे मुरलीकांत पेटकर. 2024 मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' नावाचा हिंदी सिनेमा आला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. सिनेमात दाखवलं ते सगळं तसंच घडलं असं धरून चालू नका, सिनेमावाले मीठमसाला घालतातच. पण मूळ गोष्ट खरी आहे आणि ती आपल्या मातीतली आहे.

पेटकरांना लहानपणी कुस्तीचा नाद. पोरवयातच ते फौजेच्या मुलांच्या पलटणीत दाखल झाले. पुढं ईएमई, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात जवान झाले. तिथं कुस्तीच्या जागी बॉक्सिंग आलं. त्या काळी आपल्या गावांत बॉक्सिंग कुणी पाहिलेलं नव्हतं, रिंग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. 1964 मध्ये टोकियोला निरनिराळ्या देशांच्या सेनादलांच्या स्पर्धा झाल्या, त्यात ते भारताकडून खेळले. पेठचा पोरगा, वीस वर्षांचा, जपानला बॉक्सिंग खेळायला. आज मुलं दुबईला, जर्मनीला जातात तेव्हा आपल्याला फार वाटत नाही, पण 1964 साली वाळवा तालुक्यातून कोण परदेशी जात होतं?

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. 1965 च्या त्या युद्धात पेटकरांना नऊ गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात राहिली ती राहिलीच. कमरेखालचं अंग निकामी झालं. बॉक्सरचं सगळं बळ पायातून येतं. बुक्की हातानं मारलेली दिसते, पण जोर टाचेतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात जातो, हे कुणीही वस्ताद सांगेल. ज्याचे पायच गेले त्याचं बॉक्सिंग तिथं संपलं.

मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पाण्यात अंगाचं वजन हलकं होतं, हातांच्या जोरावर शरीर हलवता येतं, म्हणून असल्या रुग्णांना पोहायला लावतात. पेटकर पोहायला लागले, आणि खेळाडू असल्यामुळं नुसतं उपचारापुरतं पोहणं त्यांना जमेना. शर्यतीचं पोहणं सुरू झालं. शिवाय टेबल टेनिस, भालाफेक. क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंगांसाठी काम करायचे, त्यांनी परदेशी जाण्याच्या खर्चाला मदत केली. 1968 मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, 1972 मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांत पहिले आले. सुवर्णपदक, आणि जागतिक विक्रमही. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, एकट्या खेळाडूनं भारताला मिळवून दिलेलं ते पहिलं सुवर्ण. नेमबाज अभिनव बिंद्राचं सुवर्ण 2008 चं, म्हणजे त्यानंतर 36 वर्षांनी.

मग काय झालं? फार काही झालं नाही. पेटकर पुण्याला टेल्कोत नोकरी करत राहिले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला, पण देशाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे हायडेलबर्गनंतर बावन्न वर्षांनी. ऐंशीच्या वयात.

आम्ही ही गोष्ट इतकी लांबवून का सांगितली? कारण मुलं जेव्हा 'फौजी फायटर' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं पट्टा, टाळ्या आणि पैसा असतो. पेटकरांच्या आयुष्यात लढाऊ खेळानं पैसा दिला नाही आणि नाव फार उशिरा दिलं. त्यांच्या हाताशी राहिलं ते रोज ठरल्या वेळी उठणं, हरल्यावर परत सराव करणं, दुखणं अंगावर न काढता उपचार करून घेणं. पाय गेल्यावरही ते हाताशीच होतं. आणि पोटाला लावली ती नोकरी.

साताऱ्याचं उदाहरण घ्यायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव सगळ्यांच्या तोंडी आहेत. ते फौजेत नव्हते, पुढं पोलिसात गेले, पण पैशाची गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी जमवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, आणि परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून ती रक्कम फेडली. आपल्या गटांच्या भाषेत सांगायचं तर कर्ज घेतलं, कारण स्पष्ट होतं, आणि परतफेड झाली. पण हेही बघा, त्यांच्यावर पैसा लावला गेला तेव्हा ते आधीच एक ऑलिंपिक खेळून आलेले होते. 1948 मध्ये लंडनला सहावे आले होते. नुसत्या हौसेवर कुणी घर गहाण टाकलं नव्हतं.

आता फौजेचं आजचं बघू. फौज खेळाडू घेते, अगदी मनापासून घेते. पुण्याला मुंढव्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, 2001 मध्ये सुरू झालेली. तिथं बॉक्सिंग, कुस्ती, तिरंदाजी, वेटलिफ्टिंग, धावणं अशा ऑलिंपिकच्या खेळांची तयारी होते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा, फौजेतूनच टोकियो ऑलिंपिकला गेला. बॉक्सिंगमधला अमित पंघाल फौजेचाच, 2019 च्या जागतिक स्पर्धेत त्यानं रौप्य मिळवलं. मुलींनाही आता हा रस्ता खुला आहे. 2021 मध्ये फौजेच्या मिलिटरी पोलीस दलात जवान म्हणून 83 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याच दलात 2022 मध्ये हरियाणाची बॉक्सर जास्मिन लांबोरिया हवालदार म्हणून घेतली गेली, आणि 2025 मध्ये लिव्हरपूलला ती 57 किलो गटात जगज्जेती झाली. लग्न ठरवताना 'मुलगी बॉक्सिंग खेळते' हे लपवणाऱ्या घरांना हे एकदा सांगाच.

खेळाडू म्हणून थेट हवालदार किंवा नायब सुभेदार पदावर घेतात ते राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी बघून, आणि ती कामगिरी मान्यताप्राप्त खेळातली, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली लागते. एमएमएला 2026 च्या आशियाई स्पर्धांच्या यादीत जागा मिळाली आहे, त्यामुळं पुढं चित्र बदलेल. पण ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, आणि तालुक्याच्या गावी एखाद्या हॉलमध्ये झालेल्या 'राष्ट्रीय' लढतीच्या प्रमाणपत्रावर फौजेत किंवा सरकारी नोकरीत जागा मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते कागदावर लिहून मागा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि खोटी प्रमाणपत्रं पकडली जाऊन नोकऱ्या गेलेल्या आहेत. कोणता खेळ, कोणती स्पर्धा धरतात हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं. साताऱ्यात आहे, सांगलीत आहे. फी लागत नाही, एक अर्ज पुरतो.

राहिली साधी अग्निवीर भरती. तिथं काय बघतात? 1600 मीटर धावणं, बीमवरच्या पुल-अप, नऊ फुटांचा खड्डा, तोल सांभाळून चालणं, लेखी परीक्षा, मेडिकल. यात जाळी कुठंच नाही. उलट मेडिकलमध्ये कानाचा पडदा फाटलेला निघाला तर मुलगा परत येतो. कानशिलावर उघड्या हाताचा जोराचा फटका बसला तर पडदा फाटतो. कोपर नीट सरळ होत नसेल तरी अडचण. म्हणजे जे शिकून भरती व्हायचं, त्यातच अपात्र होण्याची सोय. आणि अग्निवीर झाल्यावरही नोकरी चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम होतात, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. नोकरीत असताना बाहेर पैसे घेऊन लढायचं तर वरिष्ठांच्या परवानगीशिवाय चालत नाही, हेही.

याचा अर्थ मुलांना लढाऊ खेळ शिकवू नका, असा आम्ही काढत नाही. आम्ही स्वतः मुलींना कुस्ती आणि बॉक्सिंग शिकवण्याच्या बाजूच्या आहोत. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली, तेव्हा आमच्या गटांतल्या बायका नाचल्या होत्या. शिकवा, पण आईनं काय बघायचं ते बघून.

डोक्याला मार लागला की सगळ्यात जास्त काळजी घ्यायची. मुलगा बेशुद्ध झाला तरच धोका असं नाही. एक-दोनदा उलटी झाली, तेच तेच विचारू लागला, उजेड सहन होईना, डोकं दुखणं वाढत चाललं, सारखी झोप येऊ लागली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात न्या. हळद-तुपानं, शेकण्यानं हे बरं होत नाही. आणि त्या दिवशी, 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी, परत रिंगमध्ये उतरू द्यायचं नाही. पहिला मार पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो मेंदूला फार महागात पडतो. जो प्रशिक्षक याला 'पोरगं नाजूक आहे' म्हणतो, त्याच्याकडून पोर काढून घ्या.

दुसरी गोष्ट वजनाची. वजनी गटात बसायचं म्हणून लढतीच्या आधी दोन-तीन दिवस पाणी तोडणं, प्लॅस्टिकचे कपडे घालून घाम काढणं, हे चालतं. मोठ्या स्पर्धांतले खेळाडूही करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही, त्यात माणसं मेलेली आहेत. मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवा. खाणं फार कमी करून सराव वाढवला की पाळी पुढं जाते किंवा बंदच होते. 'बरं झालं, कटकट गेली' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला पुरत नाही याची ती खूण आहे, पुढं हाडं ठिसूळ होतात. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे, दूध, यावर आपल्याकडचे पैलवान तयार झालेत. डब्यातली महाग पावडर त्यानंतर.

एका गटात असाच कर्जाचा अर्ज आला होता, चाळीस हजारांचा, वर्षाची फी आणि राहणं. गटातल्या बायकांनी ताईला नाही म्हटलं नाही, पण चार जणी तिच्याबरोबर ती जागा बघायला गेल्या. हॉल चांगला होता, भिंतीवर पोस्टर होती. त्यांनी विचारलं, जवळचा दवाखाना कोणता, मार लागल्यावर कोण नेतं, विमा आहे का. विचारलं, तुमची किती मुलं कोणत्या स्पर्धेत खेळली, प्रमाणपत्र दाखवा. विचारलं, मुलगा तीन महिन्यांत सोडून आला तर फी परत किती. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, 'परत नाही.' दवाखान्याच्या प्रश्नाला नुसतं हसू मिळालं. परत येताना एसटीतच ठरलं. मुलाला तालुक्याच्या तालमीत आणि शाळेच्या बॉक्सिंगच्या सरावाला घालायचं, गटातून आठ हजार द्यायचे, बुटांना, खुराकाला आणि सायकलला. एका हंगामात तो जिल्हा स्तरावर खेळला तर पुढचं बोलायचं. मुलगा आठवडाभर रुसून होता. आता पहाटे साडेचारला उठून तालमीत जातो, आणि आईला त्याच्याआधी उठून चहा ठेवावा लागतो, ही तिची तक्रार आहे.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हे प्रश्न कागदावर लिहून घेऊन जा, आणि एकटीनं जाऊ नका.